मदत हवी आहे : ओटो कर्नर यांचा खटला

मंडळी, अमेरिकी कायद्यातलं कुणाला कळत असेल तर सांगा. इलिनॉयचे गव्हर्नर (१९६१ ते १९६८) ओटो कर्नर यांच्याबद्दल वाचतोय. १९६७ च्या दंगलींनंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या आयोगाचे हेच अध्यक्ष. देश काळा आणि गोरा अशा दोन विषम समाजांत फाटत चाललाय, असं त्या अहवालात रोखठोक लिहिलं होतं. जॉन्सनना ते काही रुचलं नाही. तरी १९६८ मध्येच कर्नर सातव्या सर्किटच्या (म्हणजे न्यायालयीन विभागाच्या) संघीय अपील न्यायालयात न्यायाधीश झाले. आणि १९७३ मध्ये चक्क दोषी! गव्हर्नर असताना घोड्यांच्या शर्यतीवाल्यांकडून स्वस्तात शेअर्स घेतल्याचं प्रकरण. तीन वर्षांची शिक्षा, १९७४ मध्ये राजीनामा, कर्करोगामुळे लवकर सुटका, १९७६ मध्ये मृत्यू.

माझं घोडं अडलंय ते इथे : संघीय न्यायाधीशाला पदावरून काढायला महाभियोग लागतो ना? मग त्याआधीच फौजदारी खटला कसा चालला? बचाव पक्षाचा हा मुद्दा अपिलात फेटाळला गेला, पण नेमक्या कोणत्या तर्काने? आणि अपील त्यांच्याच न्यायालयात, मग ऐकायला बाहेरचे न्यायाधीश कोण नेमतं? निकालपत्र वाचायला घेतलं, पण भाषा फारच किचकट. कुणी सोपं करून सांगेल का?