परदेशी भाषा : आधी शिक्षक, मग वर्ग

प्रत्येक शाळेत पहिलीपासूनच एक परदेशी भाषा शिकवावी, या सूचनेमागची तळमळ मला मान्य आहे. मतभेद आहे तो वयाविषयी आणि भाषेच्या निवडीविषयी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जपानी, कोरियन, थाई, फ्रेंच, जर्मन आदी भाषा माध्यमिक स्तरासाठी सुचवल्या आहेत, आणि तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात असेही त्यात म्हटले आहे. मला हाच क्रम योग्य वाटतो.

भाषा निवडताना मात्र आपण महागड्या शाळांचे अनुकरण करून फ्रेंच-जर्मनवरच का थांबावे? मूळचे जपानचे भदंत सुरेई ससाई यांनी नागपूर ही आपली कर्मभूमी मानली, जवळच्या कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर जपानी साहाय्याने उभे राहिले, आणि दीक्षाभूमीला जपान व थायलंडहून उपासक येतात. म्हणजे आपल्या नागपूरच्या मुलांना जपानी बोलण्याचे निमित्त गावातच मिळू शकते, जे पुण्या-मुंबईच्या अनेक मुलांनाही सहज लाभत नाही.

खरी अडचण शिक्षकांची आणि सातत्याची आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून चाललेले जर्मन ऐन सत्रात थांबवून संस्कृत आणले गेले, आणि वादात भरडली गेली ती मुले. म्हणून महापालिकेच्या काही शाळांनी मिळून एक प्रशिक्षित, कायम नेमणुकीचा जपानी शिक्षक ठेवावा आणि आठवीपासून तीन वर्षांत मुलांना एन-५ (जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची सर्वांत प्राथमिक पातळी) परीक्षेपर्यंत न्यावे, असे मी आग्रहाने सुचवतो.