किल्लारीनंतर : मदतीची गर्दी ओसरल्यावरचे अनुभव

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात झालेल्या किल्लारीच्या भूकंपाविषयी आजवर जे लिहिले गेले आहे, त्यातले बरेचसे पहिल्या काही दिवसांचे आहे. आदल्या दिवशीचे गणेश विसर्जन, मातीच्या जड माळवदाखाली, म्हणजे सपाट छताखाली, झोपेतच गाडली गेलेली कुटुंबे, पावसात ढिगारे उपसणारे जवान, सामुदायिक अंत्यसंस्कार हे सारे आपल्याला ठाऊक आहे. अधिकृत नोंदीनुसार सुमारे ७,९०० माणसे गेली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. या धाग्यासाठी अनुभव मागवताना आम्ही एकच विनंती केली होती : ट्रकांची रांग ओसरल्यावर कोण थांबले आणि थांबून त्याने नेमके काय केले, ते लिहावे. लेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

तेव्हा सोलापुरात शिकणारा एक स्वयंसेवक

उमरग्याजवळच्या एका गोदामात आलेल्या सामानाची वर्गवारी करण्याचे काम आमच्याकडे होते. देशभरातून कपडे आले होते आणि ते येतच राहिले. त्यांत जरीचे शालू होते, उंच टाचांच्या चपला होत्या, एका गठ्ठ्यात तर कोट होते. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला शंका नाही. मात्र नऊवारी नेसणाऱ्या, आयुष्यभर शेतात राबलेल्या बायकांसमोर ते कपडे मांडताना आम्हालाच संकोच वाटू लागला. ज्यांची वारंवार विचारणा होत होती त्या वस्तू वेगळ्याच होत्या : कंदील, बादल्या, ताडपत्री आणि वाचलेल्या जनावरांसाठी कडबा.

एका वृद्ध शेतकऱ्याने तर खाण्याचे काहीही घ्यायला नकार देऊन तिफण, म्हणजे पेरणीचे औजार, मिळेल का, असे विचारले. रब्बीची पेरणी तोंडावर आली होती, जमिनीत ओल होती, आणि बियाणे, औजारे सारे घराबरोबर मातीखाली गेले होते. त्याच्या त्या प्रश्नानंतर आमच्या गटाने शहरात निरोप धाडला, की कपडे थांबवा आणि ज्वारीचे बी व औजारे पाठवा. ती मदत संख्येने अगदी थोडी होती. पण आमच्या नोंदवहीत ज्या वस्तूपुढे घेणाऱ्यांनी स्वतःहून ‘आणखी हवे’ असे सांगितले, ती तेवढीच.

औसा तालुक्यातील एक संवाद सहायक

आमचे गाव पूर्ण पडले नाही, त्यामुळे ते बातम्यांत आले नाही. भिंतींना तडे गेले, कोपरे सुटले, काही घरांची एक बाजू कोसळली. अशी सुमारे अडीच हजार गावे होती आणि तिथे घरे पाडून नवी बांधायची नव्हती, तर दुरुस्त करून मजबूत करायची होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात घरमालकाने स्वतःच काम करून घ्यायचे आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळायचे, अशी पद्धत होती. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात पहिला हप्ता कशावर खर्च करायचा, अभियंता कोणत्या टप्प्यावर तपासायला येतो, खाते कोणाच्या नावावर उघडायचे, यांतले काहीच गावाला ठाऊक नव्हते. आणि जे ठाऊक होते, ते चावडीवर बसणाऱ्या चार पुरुषांपुरतेच होते.

स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांमधून संवाद सहायक नेमल्या, त्यांत मी एक होते. सरकारी माहिती घरोघरी पोहोचवायची आणि घरोघरच्या अडचणी कार्यालयात मांडायच्या, एवढेच आमचे काम असे आम्हाला सांगण्यात आले होते. पण बायकांनी पहिल्याच बैठकीत विचारले, की आमची माणसे गेली ती भूकंपाने की भिंतींनी. त्या प्रश्नाचे उत्तर देता यावे म्हणून आम्हाला बांधकाम शिकावे लागले. आमच्याकडची दगडी भिंत बाहेरून भक्कम दिसत असली, तरी ती आतून दोन पापुद्र्यांची असते. बाहेरचा आणि आतला थर वेगवेगळा रचलेला, मध्ये दगडांचा चुरा आणि माती. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचे कित्येक टन मातीचे माळवद खाली येते. म्हणून भिंतीत आरपार जाणारे दगड किंवा काँक्रीटचे तुकडे बसवायचे, कोपरे बांधून घ्यायचे आणि माळवदावरची माती कमी करायची.

यातले शेवटचे काम सर्वांत अवघड गेले. माती काढली तर उन्हाळ्यात घर तापणार, हा वृद्धांचा आक्षेप रास्तच होता आणि तो हसण्यावारी नेणाऱ्या तरुण अभियंत्यांचा मला आजही राग येतो. शेवटी एका विधवेने आपले घर आधी करायला दिले. गवंड्याने भिंतीला छिद्र पाडले, तेव्हा मधला चुरा भळाभळा बाहेर पडला आणि ते सगळ्या गल्लीने पाहिले. त्यानंतर बायकाच गवंड्याजवळ उभ्या राहून किती दगड बसवले ते मोजू लागल्या.

पुण्यात वाढलेला एक विद्यार्थी

भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात नेले, त्यांत मी होतो. जेवण, शाळा, औषधे यांची ददात पडली नाही. मला विशेष सांगावेसे वाटते ते एवढेच, की दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे पाठवण्याची व्यवस्था असायची आणि त्यामुळे माझ्या चुलत्यांशी असलेले नाते टिकले. शेतीच्या उताऱ्यावर माझे नाव लागले, तेही त्यांनीच धावपळ केल्यामुळे.

पुनर्वसित गावातील एक निवृत्त शिक्षक

नवीन गावात घराचे क्षेत्रफळ शेतजमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, आणि त्याहून अधिक असलेल्यांना ७५०. निकष स्पष्ट होता, त्यात वशिल्याला वाव कमी होता, हे मान्य करायला हवे. पण ज्याचे आठ माणसांचे कुटुंब आणि जमीन अर्धा एकर, त्याने २५० चौरस फुटांत काय करावे, याचे उत्तर त्या तक्त्यात नव्हते.

घरे पक्की होती, रस्ते रुंद आणि सरळ होते. जुन्या गावात मात्र भावकी एका वाड्याभोवती राहत असे; म्हातारीने हाक मारली की चार घरांत ऐकू जाई. नव्या गावात तेच चार भाऊ चार टोकांना गेले. गोठ्याला जागा नव्हती, म्हणून पहिल्या वर्षीच घरांपुढे पत्र्याची छपरे उभी राहिली. आराखडा करणाऱ्यांना ती अतिक्रमणे वाटली असतील. आमच्या दृष्टीने गाव तिथून सुरू झाले.

माझ्या माहितीत काही गावांत आराखडा ग्रामसभेपुढे ठेवला गेला आणि शेजार निवडण्याची मुभा मिळाली. अशा एका गावात माझी बहीण राहते. तिच्या घराचे बांधकाम आमच्यापेक्षा निकृष्ट आहे, गळतेसुद्धा. तरी तिथून कोणी जुन्या गावाच्या शिवारात परत राहायला गेलेले मी ऐकले नाही. आमच्याकडे काही कुटुंबे शेतातच घर बांधून राहिली.

कच्छला जाऊन आलेली एक कार्यकर्ती

२६ जानेवारी २००१ ला गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बचत गटांतील आम्ही काही जणी तिकडे गेलो. देण्यासाठी आमच्याजवळ फारसे काही नव्हते आणि भाषाही मोडकीतोडकी होती. तरी तिथल्या बायका आमच्याभोवती बसत, कारण तंबूत राहून पुन्हा घरात गेलेली माणसे त्यांनी प्रथमच पाहिली होती. त्यांचे प्रश्न अगदी रोखठोक होते. हप्ता अडला तर कोणाकडे जायचे, घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर का लिहायचे, घरात झोपायची भीती किती दिवसांनी जाते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही कार्यालयांचे अनुभव सांगून दिली. तिसऱ्याला आमच्यातल्या एकीने सांगितले, की ती स्वतः अजून दाराची कडी लावत नाही.