शब्दचर्चा: 'डोक्याला मार', 'मेंदूची इजा' आणि प्रमाणपत्रावरचा प्रकार

विचारणा

अपघातात डोक्याला मार लागून वाचलेल्यांच्या घरच्यांसाठी आम्ही तालुक्यात वाटायला एक माहितीपत्रक करतो आहोत. प्रमाणपत्र कसं काढायचं, कोणत्या सवलती मिळतात, असं सगळं त्यात असेल. 'ब्रेन इंज्युरी'ला कोणता शब्द घ्यावा? 'मेंदूघात' आणि 'मस्तिष्क आघात' असे दोन सुचवले गेलेत. लोक मात्र 'डोक्यावर परिणाम झालाय' असंच म्हणतात. शिवाय 'अपंग' लिहावं की 'दिव्यांग'?

प्रतिसाद १

'डोक्यावर परिणाम' मात्र पत्रकात येऊ देऊ नका. मराठीत त्याचा अर्थ ठरून गेलाय: वेड लागलं. सकाळचं बोलणं दुपारी आठवत नाही, गोंगाटात गोंधळायला होतं, हातातलं काम अर्धवट सुटतं, एवढ्यावरून माणसाला तो शिक्का बसतो आणि मग कामावर परत घ्यायला कुणी तयार होत नाही.

'मेंदूघात' वाचून लोकांना पक्षाघात आठवेल. 'आघात' मराठीत बहुधा मनावर होतो, त्यामुळे 'मस्तिष्क आघात'ही नको. साधं 'मेंदूला झालेली इजा' लिहा आणि पहिल्याच ओळीत 'डोक्याला मार लागल्यामुळे' असं येऊ द्या. 'मुका मार' हा शब्दही वापरून बघा. वर टाका नाही, रक्त नाही, पण आत दुखापत आहे, हे त्या दोन शब्दांत आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतं. एरवी तो पाठीला नाहीतर मांडीला लागतो, पण डोक्यालाही लागतो हे सांगायला तोच उपयोगी पडेल.

प्रतिसाद २

शब्द ठरेल, पण खरी अडचण पुढे आहे. अर्ज करताना विचारतात, दिव्यांगत्वाचा प्रकार कोणता? 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस झाले. सेरेब्रल पाल्सी, ॲसिड हल्ला, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन ही सगळी नावं आली. मेंदूची इजा स्वतंत्र नावाने आली नाही.

विचारणा

मग अशा माणसाला प्रमाणपत्र मिळतच नाही का?

प्रतिसाद २

मिळतं, पण इजेच्या नावाने नाही, तिच्या परिणामांच्या नावाने. मेंदूविकारांत आजाराचं नव्हे तर त्याच्या परिणामाचं मोजमाप करायचं, असंच मूल्यमापनाचं धोरण आहे. एक बाजू लुळी पडली असेल तर अस्थिव्यंग किंवा चलनविषयक दिव्यांगत्व. बोलता येत नाही किंवा दुसऱ्याचं बोललेलं उमगत नाही, म्हणजे वाचाघात झालाय, तर वाचा आणि भाषा दिव्यांगत्व.

पण हातपाय धड, बोलणं स्वच्छ, आणि बिघडलंय ते लक्ष, स्मरण, कामाची आखणी, रागावरचा ताबा. हा माणूस कुठे जाणार? बौद्धिक दिव्यांगत्वात बसत नाही, कारण बुद्धीची वाढ खुंटलेली नाही; शिकून, कमावून झाल्यावर हे ओढवलंय. उरतो 'मानसिक आजार'. कायद्यातल्या त्याच्या व्याख्येत स्मरण आहे, विचार आहे, त्यामुळे अर्ज तिकडे वळवता येतो. पण घरचे नेमके त्याच शब्दाला घाबरतात आणि अर्ज करायचाच टाळतात. मला हा अन्याय वाटतो. मानसिक आजारात लाज वाटण्यासारखं काही नाही, तरीही ज्याला जे झालंय त्याचं नाव त्याच्या कागदावर असायला हवं.

आणि नोकरीतलं 4 टक्के आणि उच्च शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण हवं असेल तर दिव्यांगत्व किमान 40 टक्के भरावं लागतं. आपल्याकडच्या जाहिरातींत त्याला 'लक्षणीय दिव्यांगत्व' म्हणतात. हा शब्द पत्रकात जसाच्या तसा द्या, कारण फॉर्मवर तोच भेटतो.

प्रतिसाद ३

'दिव्यांग'बद्दल. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तो सुचवला आणि पुढे तो सरकारी झाला. चळवळीतल्या अनेकांनी तेव्हाच विरोध केला: आम्हाला दिव्यत्व नको, रॅम्प हवा. तो विरोध मला पटतो. मेंदूच्या इजेच्या बाबतीत तर 'विकलांग' काय आणि 'दिव्यांग' काय, दोन्हींत 'अंग' आहे, आणि इथे अंग शाबूत दिसतं हीच तर पंचाईत. तरी अर्जाशी संबंधित प्रत्येक ठिकाणी 'दिव्यांग'च लिहा. प्रमाणपत्र, पोर्टल, दिव्यांग कल्याण विभाग, सगळीकडे तोच शब्द आहे. दुसरा लिहिलात तर वाचणारा खिडकीवर अडेल. बाकी मजकुरात 'इजा झालेली व्यक्ती' म्हणा, 'पीडित' किंवा 'ग्रस्त' नको.

प्रतिसाद १

2016 च्या कायद्याच्या परिशिष्टात हे एकवीस प्रकार दिले आहेत; त्यातला एक शब्दप्रयोग बघण्यासारखा आहे. दीर्घकालीन मेंदूविकारांच्या प्रकारात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन ही दोन नावं 'यांसारखे' म्हणून दिली आहेत. 'यांसारखे' म्हणजे ही उदाहरणं झाली, यादी संपली असं नाही, हा माझा अर्थ. मग मेंदूच्या इजेचे कायमचे परिणाम तिथे का बसू नयेत? प्रमाणपत्रासाठी तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे हा मुद्दा जरूर मांडावा.

प्रतिसाद २

मांडावाच, पण प्रत्येक घराने एकेकट्याने का भांडायचं? कायद्याच्या कलम 99 नुसार परिशिष्टात बदल करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, आणि राज्य सरकार तशी शिफारस करू शकतं. 2022 मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला, त्या विभागाकडे ही मागणी जायला हवी. 2025 च्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळतात. चांगलीच योजना आहे. पण मेंदूची इजा आठव्या दिवशी घरी येते आणि पुढे कित्येक वर्षं घरातच राहते.

पत्रकात शेवटी एक कोरी चौकट ठेवा: काय विसरतो, काय जमत नाही, कुणाची मदत लागते, घरच्यांनी तारखेसह लिहून काढायचं. तपासणीच्या दिवशी पाच मिनिटांत तो माणूस डॉक्टरांशी अगदी नीट बोलून येतो, तेव्हा हाच कागद पुढे ठेवता येईल.