आरएनएवरच्या खुणा आणि दगडी : गाय घेताना तपासता येईल का?

शिरूरचा गोठा
एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, तिसरं वेत. मागच्या उजव्या सडाला सारखी दगडी (कासेची सूज) धरतेय. सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या की आठवडाभर बरं, मग दुधात परत गाठी. पुतणी पुण्यात बायोटेक शिकते. ती म्हणते, दगडीत कासेच्या पेशींतल्या आरएनएवरच्या खुणा बदलतात. मग पुढची गाय घेताना ही तपासणी करता येईल का?

औंधची संशोधक
दादा, पुतणी बरोबर सांगतेय, पण गाय पारखायला ते आज उपयोगाचं नाही. डीएनएवरून पेशी आरएनएचा निरोप उतरवून घेते. त्या निरोपातल्या काही ‘ए’ अक्षरांवर मिथाइलची खूण बसते, तिला एम६ए म्हणतात. ती १९७४ पासून माहीत आहे. मेटल३ हे विकर खूण लावतं, एफटीओ पुसतं. हे पुसणं २०११ मध्ये कळलं. निरोप किती वेळ टिकणार, त्यातून किती प्रथिन बनणार, हे बरंचसं या खुणांवर ठरतं. गाईच्या कासेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना ई. कोलाय या जंतूच्या कवचातलं विष दिलं, की खुणांची मांडणी बदलते आणि सूज आणणारे निरोपही कमीजास्त होतात. मला हा विषय फार मोलाचा वाटतो, कारण कासेची नासाडी जंतूइतकीच शरीराच्या स्वतःच्या दाहानेही होते. तो दाह आवरायची वाट इथून सापडू शकेल. पण या खुणा जंतू शिरल्यावर बदलतात, जन्मापासून ठरलेल्या नसतात. म्हणून बाजारात उभ्या गाईचं भविष्य त्यातून वाचता येत नाही.

गाय घेताना चारही सडांची सीएमटी करा, म्हणजे दुधात द्रावण मिसळून दगडी ओळखायची चाचणी. द्रावण मिसळल्यावर दूध घट्ट, चिकट झालं तर आत दगडी लपलेली आहे. सोमॅटिक सेल (दुधात उतरलेल्या शरीराच्या पेशी) मिलीलिटरला २ लाखांवर गेल्या तरी सावध व्हा.

दौंडचा दूधवाला
एकच सड परत परत धरतं म्हणजे बहुतेक स्टॅफ ऑरियस हा जंतू. तो कासेत दडून बसतो. आधी दुधाचं कल्चर करा (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखायची तपासणी), अंदाजाने ट्यूब सोडू नका. आणि त्या गाईची धार सगळ्यात शेवटी काढा.

शिरूरचा गोठा
कल्चरला दूध कसं द्यायचं, ताई?

औंधची संशोधक
औषध सुरू करण्याआधी. सड धुऊन कोरडं करा, पहिल्या दोनतीन धारा सोडून द्या, सडाचं टोक स्पिरिटच्या कापसाने पुसा. मग निर्जंतुक बाटली आडवी धरून थोडं दूध घ्या, टोक बाटलीला लागू देऊ नका. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.