सहा महिने पुण्यात राहून रिमोट काम: शहर परवडतं का, हे कसं जोखावं?

मुक्काम_नांदेड
नमस्कार मंडळी. मी यूआय डिझायनर, कंपनी जर्मनीतली, काम पूर्ण घरून. गेलं वर्षभर इंदूर, म्हैसूर असं लॅपटॉप घेऊन राहतेय. आता जुलै ते डिसेंबर पुण्यात यायचा विचार आहे. वेबसाइटवर पुण्याचा 'महिन्याचा खर्च' म्हणून एक आकडा दिलेला असतो, पण तो कोथरूडचा की खराडीचा, काहीच कळत नाही. माझं बजेट सगळं मिळून महिना ४० हजार. एकटी राहणार, गाडी नाही, मीटिंगा रात्री साडेनऊपर्यंत. कुठला भाग बघू आणि घर बघताना काय तपासू?

कर्वेनगर_काकू
मीही घरून जर्मन भाषांतराचं काम करते, त्यामुळे तुझा दिवस कसा जातो ते मला ठाऊक आहे.

भाडं नंतर, आधी पाणी बघ. कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर, पेठा या जुन्या भागांत महापालिकेचं पाणी बऱ्यापैकी येतं. बाणेर-बालेवाडी, वाघोली, उंड्रीकडच्या कितीतरी सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर असतात. तू जुलैत येशील तेव्हा पाऊस लागलेला असेल, टंचाई दिसणारच नाही. आणि टँकरच्या पाण्याची खात्री कोण देणार? २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव भागात जीबीएसचे (दूषित पाण्यातूनही उद्भवू शकणारा नसांचा आजार) रुग्ण निघाले, तेव्हापासून मी हा प्रश्न फार गंभीरपणे घेते. मालकाला किंवा एजंटला विचारू नकोस, वॉचमनला विचार: मे महिन्यात रोज किती टँकर येत होते? गेटवर टँकरची नोंद तोच करतो, त्याला आकडा तोंडपाठ असतो.

दुसरं म्हणजे घर बघायला गुरुवारी दुपारी जा. महावितरण आणि महापालिका, दोघांचीही देखभालीची कामं इथे बहुतेक गुरुवारीच निघतात. वीज काही तास जाते, पाणी बंद राहतं आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने येतं. 'जनरेटर बॅकअप आहे' असं प्रत्येकजण सांगतो, पण तो बऱ्याचदा लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांपुरताच असतो. खोलीतल्या प्लगला चार्जर लावून बघ. राउटरसाठी छोटा यूपीएस मात्र घेच.

आमच्या गल्लीत वन बीएचकेला १८ ते २२ हजार मागतात, दोन वेळचा डबा चार हजारांच्या आसपास. ४० हजारांत नीट बसेल. ऑक्टोबरअखेर जर्मनीचं घड्याळ मागे जातं आणि आपला फरक साडेतीनचा साडेचार तास होतो. म्हणजे तुझी मीटिंग साडेदहाला संपणार. तेव्हा पायी अंतरावर औषधाचं दुकान आणि जेवायची सोय आहे का, हे रात्री एक चक्कर मारून बघ.

आणि सकाळी तू मोकळी असशील, तर टेकडी जवळ असलेलं घर घे. वेताळ टेकडी किंवा म्हातोबा टेकडीवर रोज तीच माणसं भेटतात. आठवड्याभरात लोक ओळखायला लागतात, दोन दिवस दिसली नाहीस तर विचारतात. दिवसभर एकट्याने स्क्रीनसमोर बसणाऱ्याला याची फार गरज असते. तुझ्या वेबसाइटवर याला गुण नसतील.

रामवाडी_लोकल
काकूंशी सहमत, पण पूर्वेकडचा भाग सरसकट बाद करू नका. गाडी नसेल तर मेट्रो बघा. वनाज ते रामवाडी ही एक लाइन, पिंपरी ते स्वारगेट दुसरी, आणि बदल सिव्हिल कोर्टला. घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत असेल तरच तिचा उपयोग, नाहीतर रोजच्या रिक्षातच पैसे जातात. पेठांत कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत नुसती एक खाट भाड्याने घेऊन, स्वस्तात पडेल, पण तिथे स्पर्धा परीक्षेवाली मुलं-मुली अभ्यासाला बसलेली असतात. तुम्ही मीटिंगमध्ये बोलणार कुठे?

करार_आधी
सहा महिन्यांसाठी येताय म्हणून लॉक-इनचं कलम, म्हणजे किती महिने घर सोडता येणार नाही ते, नीट वाचा. बऱ्याच करारांत ते सहा महिन्यांचं असतं आणि वर एक महिन्याची नोटीस. '११ महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही' असं कोणी म्हटलं तर मान्य करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे तुमचा हा भाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. आता ती घरबसल्या, अंगठा लावून होते. डिपॉझिट चावी दिल्याच्या दिवशी परत मिळेल, हे करारात लिहून घ्या. माझ्या बहिणीच्या मालकाने रंगकामाच्या नावाखाली अर्धं डिपॉझिट ठेवून घेतलं आणि करारात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

मुक्काम_नांदेड
खूप आभार. म्हात्रे पुलाजवळ एरंडवण्यात एक फ्लॅट मिळतोय, २१ हजार, नदीच्या बाजूला बाल्कनी. गुरुवारी बघायला येते. काकू, भाग कसा आहे?

कर्वेनगर_काकू
भाग उत्तम, नळस्टॉपचं मेट्रो स्टेशनही फार लांब नाही. पण जुलैपासून गणपतीपर्यंत तिथे नदीकाठी ढोलपथकांचा सराव चालतो, संध्याकाळी, नेमका तुझ्या मीटिंगच्या वेळी. मला ढोल मनापासून आवडतो, पण क्लायंटशी बोलताना नाही. फ्लॅटची आतली खोली रस्त्याकडे आहे का बघ. तशी असेल तर टेबल तिथे लाव आणि घे. नसेल तर भाडं ठरवण्याआधी एकदा संध्याकाळी सातला जाऊन बाल्कनीत उभी राहा.