प्रति: कंपनीचा खरा मालक कोण?

वर कुणी म्हटलंय, अमेरिकेसारखी खऱ्या मालकाची नोंद आपल्याकडेही सक्तीची करा. आहे की! कंपनी कायदा २०१३, कलम ९०. दुसऱ्यांच्या नावाआडून कंपनीचा १० टक्के किंवा जास्त हिस्सा ज्याच्या हाती, त्याने स्वतःचं नाव जाहीर करायचं, कंपनीने ते निबंधकाला, म्हणजे कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवायचं. अमेरिकेचा कायदा २०२१चा, मर्यादा २५ टक्के. आणि मार्च २०२५ मध्ये देशी कंपन्यांना त्यातून सूटही मिळाली. तो कित्ता जरा जपूनच गिरवावा.

आपली अडचण वेगळी. कंपनीकडची ही नोंदवही पाहायचा हक्क फक्त भागधारकांना. समजा रावेरच्या शेतकऱ्याची केळी एखाद्या कंपनीने उधारीवर नेली आणि पैसे बुडवले. संचालकांची नावं त्याला सरकारी संकेतस्थळावर सापडतील, पण ते खऱ्या मालकाने नावापुरते बसवलेले त्याचे ड्रायव्हर आणि आचारी निघाले तर? आणि त्याच शेतकऱ्याचा सातबारा मात्र कुणीही उठून मोबाइलवर पाहतो!

ब्रिटनने २०१६ पासून अशी नोंद सगळ्यांना खुली ठेवली आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०२२ मध्ये खासगीपणाच्या मुद्द्यावर असा सरसकट खुलेपणा रद्द ठरवला. मला ब्रिटनचं पटतं. निदान उधारीवर माल देणाऱ्याला तरी फी भरून खऱ्या मालकाचं नाव पाहता यावं.