शिक्रा उडताना टिपायला ६०० मिमी लागतेच का? (बडोदा, घराजवळ)

कडुलिंब_कारेलीबाग
कुणी नव्याने विचारलं, "गच्चीवरून शिक्रा, घार उडताना टिपायचेत, काय घेऊ?" की उत्तर ठरलेलं: ६०० मिमीची लेन्स घ्या, नाहीतर नाद सोडा. घराजवळ फोटो काढणाऱ्याला हा सल्ला देणं चूक आहे असं माझं म्हणणं. हिशेब मांडतो, चुकला तर सांगा.

शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी, पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत साधारण ५८ सेंमी. तो २० मीटरवर असेल तर ४०० मिमीतून सेन्सरवर त्याची ११.६ मिमी प्रतिमा पडते. क्रॉप सेन्सरची (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) रुंदी साडेतेवीस मिमी, म्हणजे अर्धी फ्रेम भरली. तिथेच ६०० लावली तर पाऊण फ्रेम भरते, आणि तो जरा वळला की पंखाचं टोक कापलं जातं.

मुळात तो फ्रेममध्ये सापडायला हवा. ६०० ला क्रॉप सेन्सरवर आडवं दृष्टिक्षेत्र जेमतेम सव्वादोन अंश. १५ मीटरवरून सेकंदाला १० मीटर वेगाने शिक्रा आडवा गेला असं धरा. तो सेकंदात ३८ अंश कापतो. सव्वादोन अंशांची ती खिडकी सेकंदाच्या सतराव्या भागात पार! ३०० ला खिडकी साडेचार अंशांची मिळते.

सोसायटीत तो बसतो कडुलिंबावर, आसोपालवाच्या शेंड्यावर, टाकीच्या पाइपवर. लेन्सपेक्षा ही बैठक हेरा. खारींची एकसुरी चिक-चिक आणि सातभाईंचा गलका एकाच झाडाकडे तोंड करून चालला असेल तर तो तिथेच आहे. नुसत्या आवाजावर जाऊ नका, कोतवाल पक्षी त्याची नक्कल बेमालूम करतो. उडायच्या आधी बहुतेक वेळा तो शिटतो, अंगाची पिसं चापून घेतो, मान पुढे काढतो. तिथे बटण दाबून धरायचं.

आणि निघताना तो आधी खाली पडतो! फांदी सोडली की दीड-दोन मीटर खाली, मग जमिनीलगत सरळ, आणि पुढच्या झाडापाशी झपकन वर. नवखा माणूस पक्ष्याच्या तोंडापुढे जागा सोडतो आणि त्याला रिकामी फांदी मिळते. जागा सोडायची ती खाली.

शटर १/३२०० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/६.३, ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो), पक्ष्यामागे धावणारा कंटिन्युअस फोकस, मधला छोटा झोन. पुरे.

भोवत्या
सहमत नाही. २० मीटर हे तुमच्या गणिताच्या सोयीचं अंतर आहे, अंतर शिक्रा ठरवतो. कमाटीबागेत किंवा विश्वामित्रीच्या काठाला तो ४० मीटरच्या आत येऊ देत नाही असं धरून चाला. ४० ला तुमच्या ४०० वर प्रतिमा ५.८ मिमी, म्हणजे पाव फ्रेम. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत १४८० पिक्सेल, आणि त्यात डोकं असेल शंभरेक पिक्सेलचं. नराचा डोळा लाल की मादीचा पिवळट-नारिंगी, गळ्यावरची बारीक करडी रेघ आहे की नाही, यातलं काही कळणार नाही. मग तो फोटो कशाचा, शिक्र्याचा की ठिपक्याचा?

सापडत नाही, हे सरावाच्या अभावाचं रडगाणं आहे. १५०-६०० झूम घ्या, २०० वर पक्षी धरा, फोकस बसला की ६०० वर न्या. लेन्सच्या बाजूला अंतर-मर्यादेचं बटण असतं, ते लांबच्या अंतरावर ठेवा, म्हणजे फोकस हुकला तरी लेन्स अगदी जवळच्या टोकापर्यंत हिंडून येत नाही. घारीवर पंधरा दिवस हात बसवा. ती सावकाश घिरट्या घालते आणि बडोद्यात कुठल्याही गच्चीवरून दिसते. मगच शिक्र्याच्या मागे लागा.

कडुलिंब_कारेलीबाग
घारीवर सराव, मान्य. पण लांब लेन्स हातात आली की माणूस लांबचाच पक्षी टिपत बसतो, आणि आपल्याकडे मार्चनंतर सकाळी साडेनऊ-दहालाच गच्च्या आणि पत्र्यांवरून हवा हलायला लागते. त्या थरथरत्या हवेतून ८० मीटरवरची घार ६०० ने काढा की १००० ने, पिसं लोण्यासारखीच येणार. लेन्स बिघडली समजून लोक ती दुरुस्तीला पाठवतात! तिथे उपाय दोनच, जवळ जाणं किंवा लवकर उठणं.

पश्चिमवारा
तुमचं मिमीचं भांडण चालू द्या. दोघांनीही वाऱ्याचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

शिकारी पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उठतो, उतरतो, घिरघिरतो. ऊन आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीमागून आले तरच तो तोंडावर उजेड घेऊन तुमच्याकडे येतो. आपल्याकडे थंडीत वारा बहुतेक उत्तर-ईशान्येचा आणि सकाळचा सूर्य आग्नेयेला. सूर्य पाठीशी घेतलात की वारा उजव्या हाताने लागतो, म्हणजे पक्षी बाजूने मिळणार. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा, सूर्यही पश्चिमेला. पूर्वेकडे तोंड करून उभे राहा, कापशी घार समोर येऊन हवेत पंख मारत थांबते. शहराबाहेर हरणीच्या पुढे किंवा डभोईच्या वाटेवर मोकळं शेत असलं की झालं. वढवाणा तलावापर्यंत जायचीही गरज नाही.

दुसरं, सूर्य क्षितिजापासून २५-३० अंशांच्या वर गेला की पंखांखाली काळोख. फरशीचे पांढरे तुकडे बसवलेल्या आपल्या चायना मोझेकच्या अगाशीवरून उजेड वर फेकला जातो, पण तो कठड्यावर बसलेल्या पक्ष्यापुरता. ३० मीटर उंचीवरच्या घारीला तुमच्या एका अगाशीने काही होत नाही. खाली पिवळं पडलेलं गवत किंवा तलावाची कोरडी रेती असेल तरच फरक दिसतो.

मांजलपूरचा_मीटर
ऑटो आयएसओ? कडुलिंबदादा, बाकी पटलं, इथे घोळ आहे.

सूर्य तोच असेल तर पक्ष्यावर पडणारा उजेडही तोच. बदलते ती मागची बाजू. मागे आभाळ आलं की ऑटो आयएसओ खाली घसरतो आणि पक्षी कोळसा होतो. तोच पक्षी आसोपालवासमोर आला की आयएसओ चढतो आणि छातीवरचं पांढरं जळतं. एकाच झेपेत दोन्ही होतं. म्हणून सगळं मॅन्युअल. थंडीत सकाळी साडेआठचं स्वच्छ ऊन असेल तर १/२५००, एफ/६.३, आयएसओ ८०० पासून सुरुवात करा. घारीचा पोटाकडचा गडद भाग हवा असेल तर १६००. उन्हातल्या सिमेंटच्या रस्त्यावर कॅमेऱ्याचं प्रकाश-मीटर बघून पडताळा. कापशीला मात्र अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी, नाहीतर तिचा पांढरा भाग सपाट होतो.

कडुलिंब_कारेलीबाग
ढग येत-जात असतील तर तुमच्या मॅन्युअलचं काय? जुलैत दर दोन मिनिटांनी चक्री फिरवणार? आभाळासमोर ऑटो आयएसओला +१.३ स्टॉप जादा उजेड द्यायचा, झाडासमोर शून्य. अंगठ्याखाली एकच चक्री लागते.

मांजलपूरचा_मीटर
शिक्रा आभाळातून झाडात घुसायला अर्धा सेकंद लागत नाही, तेवढ्यात तुमचा अंगठा +१.३ वरून शून्यावर येणार? ढगाळ दिवशी ऑटो, कबूल. स्वच्छ उन्हात नाही म्हणजे नाही.

जाता जाता, आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावता ना? सेन्सर सावकाश वाचणाऱ्या कॅमेऱ्यात फडफडते पंख केळीच्या सालीसारखे वाकडे येतात. मेकॅनिकल ठेवा.

उडता_फोटू
इतका व्याप कशाला? चिकनचे चार तुकडे गच्चीवर टाका, घारी झेपावतात. दहा मीटरवर, समोरासमोर. ४०० सुद्धा जास्त होईल.

पश्चिमवारा
आमच्या सोसायटीत चिकन अगाशीवर गेलं तर घारीच्या आधी सेक्रेटरी येतील. पण थट्टा सोडा. माणसाच्या हातून खायला शिकलेली घार शेजारच्या पोराच्या हातातला डबाही ओढते. जवळ घरटं असेल तर डोक्यावर झडप घालते, आणि आपल्याकडे तिची घरटी थंडीतच लागतात. शिवाय तुकडा उचलताना घार पाय खाली सोडून, डोकं वाकवून येते. सगळे फोटो एकाच साच्यातले.

भोवत्या
इथे मी पश्चिमवाऱ्याच्या बाजूने. मांस नको, आवाजाची रेकॉर्डिंगही नको. पण उन्हाळ्यात पसरट मातीच्या भांड्यात चार-पाच सेंमी पाणी, सावलीत, फांदीपासून दोनेक मीटरवर ठेवायला माझी हरकत नाही. शिक्रा आंघोळीला उतरतो आणि जाताना उडण्याचा मार्ग ठरलेला असतो.

कडुलिंब_कारेलीबाग
तेही आमिषच की! त्याच भांड्यावर चिमण्या येतात आणि शिक्र्याला तुम्ही ताट वाढून ठेवता. भांडं काटेरी झुडपाला लागून ठेवा, निदान चिमणीला आत शिरता येईल. फोटोला अडचण झाली तर झाली.

घरट्याचं वेगळं सांगतो. शिक्र्याची घरटी साधारण मार्च ते जून. तेव्हा त्या झाडाखाली तिपाई लावायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच घरटी-अंडी छेडणं येतं. मादी घरट्यावरून उठून ओरडत घिरट्या घालते, तिचा 'उडतानाचा' फोटो मिळतो आणि आत अंडी उन्हात तापतात.

पश्चिमवारा
उत्तरायणही (संक्रांतीची पतंगबाजी) लक्षात ठेवा. १४-१५ जानेवारीला कॅमेरा घरातच बरा, पण झाडांवर आणि तारांवर अडकलेला मांजा पुढे कित्येक आठवडे पक्षी कापतो. आपल्या अगाशीच्या कठड्यावरचा तेवढा गुंडाळून कचऱ्यात टाका. जखमी पक्षी दिसला तर १९६२ या पशु-पक्षी मदत क्रमांकाला फोन.

उडता_फोटू
चिकन रद्द. हा बघा, काल टिपलेला शिक्रा, ३०० मिमी.

भोवत्या
हा पावशा (कोकीळ कुळातला पक्षी) आहे. चोच बघा, आकडी नाही, जवळजवळ सरळ आहे. डोळ्याभोवती पिवळी कड आहे. उडतोही शिक्र्यासारखाच, चार फडके आणि एक तरंग, म्हणून भले भले फसतात. ६०० असती तर चोच स्वच्छ दिसली असती.

कडुलिंब_कारेलीबाग
३०० वर तुम्हाला चोच दिसली, म्हणून तर ओळखलात ना? उडता_फोटू, झूम लेन्स घेतलीत तर तिच्या फिरत्या कड्यावर ४०० च्या खुणेला रबरबँड लावा. डोळा व्ह्यूफाइंडरला असतानाही बोटाला कळतं कुठे थांबायचं.

भोवत्या
रबरबँड लावा. फक्त ६०० च्या खुणेला.